उताराचा गिअर

घाटमाथ्यावरची पाण्याची मोठी टाकी मागे पडली आणि सासऱ्यांच्या नाकाला तापलेल्या ब्रेकचा वास लागला. चौतीस वर्षं मालाचे ट्रक घाटातून खाली आणलेल्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. जावई एका हाताने स्टिअरिंग धरून, दर वळणाला ब्रेकवर पाय देत, ऐटीत नवी गाडी उतरवत होता. मागे त्यांची मुलगी पेंगत होती. तिच्या शेजारी दोन वर्षांची नात ढमी, सीटला बांधलेली, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

सांगून टाकावं, असं सासऱ्यांच्या अगदी ओठावर आलं. पण गेल्या वर्षी चार पाहुण्यांदेखत ते "गाडी जरा तिरकी लावलीत" एवढंच म्हणाले, तर स्वारी आठ महिने घरी फिरकली नव्हती. मुलगी आणि ढमीही नाही. तेव्हापासून जावयापुढे त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं.

म्हणून त्यांनी आडून विचारलं, "जावईबापू, हे गिअरपाशी प्लस-मायनस कशाला दिलंय हो?"

"ते मॅन्युअल मोड, बाबा. हौशी लोकांसाठी. काहींना असते ना, गिअर स्वतः बदलायची खाज." जावई हसला. "आपल्या गाडीला सगळं कळतं. तिला शिकवावं लागत नाही."

"असं होय," सासरे म्हणाले. टोला कोणाला होता ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी काच थोडी खाली केली.

आणखी चार वळणं गेली. वास वाढला. सासऱ्यांनी दोन्ही पाय पुढे रोवले होते, त्यांच्या पुढ्यातही ब्रेक असावा तसे. आता बोलू, या वळणानंतर बोलू, असं करता करता उतार आणखी खडा झाला.

"बाबा," जावयाचा आवाज एकदम बारीक झाला. "ब्रेक खाली जातोय. लागत नाहीये."

"पाय काढा."

"काय?"

"ब्रेकवरचा पाय काढ आधी!"

जावयाचा हात हँडब्रेककडे गेला. सासऱ्यांनी तो मनगटाला धरून बाजूला सारला. "तो नको, गाडी गरकन फिरेल. ते मायनस घे, खालचा गिअर गाडी आवरेल."

जावयाने गिअरचा दांडा बाजूला ढकलून मागे ओढला. पुन्हा ओढला. पुन्हा. गाडीने एक गिअर घेतला आणि मग नुसतं टिंग टिंग करायला लागली. "घेत नाहीये! बाबा, घेतच नाहीये!"

मागे मुलगी खडबडून जागी झाली. तिने ढमीच्या छातीवर आडवा हात धरला.

काटा बहात्तरवर होता. एवढ्या वेगात याहून खालचा गिअर कुठलंच इंजिन घेत नाही, ट्रकचं असो की या शहाण्या गाडीचं. पुढे चारशे पावलांवर वळण होतं आणि वळणापलीकडे नुसतं आभाळ. सासऱ्यांचा आवाज हलला नाही.

"नीट ऐक. थोडासा ब्रेक उरलाय. तो एकदाच वापरायचा. मी सांगेन तेव्हा दोनदा पटपट दाब, आणि तिसऱ्यांदा जीव खाऊन. गिअर मी ओढतो. तू फक्त रस्ता बघ."

"बाबा, वळण..."

"दिसतंय मला. थांब." सासऱ्यांनी दांड्यावर हात ठेवला. "थांब. आता!"

एकदा, दोनदा पायाखाली काहीच लागलं नाही. तिसऱ्यांदा अगदी तळाशी कुठेतरी ब्रेकने पकडलं. पासष्ट. अठ्ठावन्न. बावन्न. सासऱ्यांनी दांडा ओढला. टिंग. गाडीने नकार दिला. "सोडू नको!" सत्तेचाळीस. त्यांनी पुन्हा ओढला आणि इंजिन किंचाळलं. मागून कोणी मानगूट धरावी तशी गाडी आवरली. पस्तीसला त्यांनी आणखी एक गिअर खाली ओढला. वळण आलं, बाहेरच्या चाकाखालची खडी खाली दरीत गेली आणि वळण मागे पडलं.

पुढे रस्ता थोडा चढाला लागत होता. तिथे गाडी रांगत रांगत आपली आपणच थांबली. सासऱ्यांनी उतरून मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले. पुढच्या चाकांतून धूर येत होता.

जावई दाराला धरून उभा राहिला. "बाबा," तो म्हणाला, "आज तुम्ही नसता तर आम्ही तिघं..." त्याने वाकून सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आठ महिन्यांचा सल त्या एका क्षणात निघून गेला आणि म्हाताऱ्याची छाती चार बोटं वर आली.

मुलगी ढमीला खांद्यावर घेऊन खाली उतरली. ढमी अजून झोपेतच होती.

"बाबा, ब्रेक तापलेत हे तुम्हाला कधी कळलं?"

"अं?"

"तुम्हाला वासावरून कळतं. कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. पण या मुलीशी ते आजवर खोटं बोलले नव्हते.

"झाला बराच वेळ," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई खाली चाकाकडे बघत होता.

"यांना वाईट वाटलं असतं, बेटा."

मुलीने ढमीची मान सावरली, तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि दोघांपासून वीसएक पावलं लांब, रस्त्याकडेच्या कठड्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.