सुनंदाचं काय झालं

चार मैत्रिणींची ती सिरीयल कमळ आणि जानकीबाई रोज एकत्र बघायच्या. शेवटच्या भागाला मात्र जानकीबाई पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. सिरीयलमधली सुनंदा नेमकी तसल्याच गाठीनं गेली. दुसऱ्या दिवशी भेटायला गेलेल्या कमळनं ठोकून दिलं, "सुनंदा बरी झाली गो!"

आता त्याच चौघींचा पिक्चर आला आणि जानकीबाईनं कमळला हट्टानं मुरबाडहून कल्याणला नेलं. आता आपलं खोटं उघडं पडणार म्हणून कमळ थेटरात पदराशी चाळा करत बसली. तेवढ्यात पडद्यावर सुनंदा हसत दारातून आत आली. कमळनं सुस्कारा सोडला.

जानकीबाईनंही सोडला. "जिती हाय गो! तवा दवाखान्यातल्या टीव्हीवर मी तिला मेलेली बघितलेली. तरी तुझंच खरं धरलं."