पाच हातांची नळी

नेत्राने पाना फिरवून दोन हातांची नळी काढली आणि तिच्या जागी पाच हातांची बसवली. हवेची टाकी उघडून सांधा बादलीतल्या पाण्यात बुडवला. बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. तिने टाकी बंद केली, रबरी कडी बदलली, सांधा पुन्हा बुडवला. आता काही आलं नाही.

होडीच्या काठावर बसलेला तिचा बाप शिवदास हे सगळं संशयाने पाहत होता.

"बोटभर जाडीची नली, अन् तिच्यावर माझा जीव?"

"माझा पन त्याच टाकीवर हाय ना, बाबा."

दिघीच्या धक्क्याचे खांब पाण्याखाली जाऊन तपासायची नेत्राची नोकरी. जोडीदाराची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायला टाकीला एक जादा नळी असते. पण ती आखूड. दोघांना समोरासमोर चिकटून राहावं लागतं, कामाला हात मोकळे मिळत नाहीत. आणि आज हातांचंच काम होतं. शिवदासने पावसाळाभर बसून जोडलेलं नवं जाळं खडकात अडकलं होतं. कुठला फास आधी सोडायचा हे त्यालाच ठाऊक, पण साठीत दम पुरेना. सकाळपासून तीनदा बुडी मारून हात हलवत वर आला होता. भरती लागायच्या आत सुटलं नाही, तर कापणं आलं.

"एकच ध्यानात ठेव. खाली दम धरायचा न्हाय. वर येतानी तर अजिबात न्हाय."

"व्हय, व्हय," शिवदास म्हणाला. चाळीस वर्षं बुड्या मारणाऱ्याला पोरगी श्वास घ्यायला शिकवत होती.

दोघं तीन वाव, म्हणजे अठराएक फूट, खाली उतरली. आणि व्हायचं तेच झालं. नळी तोंडात, तरी पठ्ठ्याने दम धरलेला. त्याच्याकडून एकही बुडबुडा येईना. नेत्राने छातीवर टिचकी मारली. त्याने नकारार्थी मान हलवली. पाण्याखाली दम सोडलेली माणसं त्याने पाहिली होती, तिसऱ्या दिवशी, किनाऱ्यावर.

नेत्राने त्याचा पंजा ओढून आपल्या तोंडापुढे धरला. तिचे बुडबुडे त्याच्या बोटांवरून वर गेले.

शिवदासने डोळे मिटले आणि दम सोडला. मग कसलीही आशा न ठेवता आत ओढला. हवा आली. गार, कोरडी, खाऱ्या चवीचं नाव नाही. पुन्हा सोडला, पुन्हा आली. काचेआड त्याचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा तो समुद्राच्या तळाशी होता आणि त्याला घाई नव्हती.

एकेक फास त्याने सावकाश सोडवला. जाळं दोराला बांधून नेत्राने अंगठा वर केला, वर चल. शिवदासचं लक्षच नव्हतं. दोघं उतरताना खडकाच्या फटीतून पळालेला मासा परत आला होता. त्याच्यामागून दुसरा. शिवदासने हाताने खूण केली, थांब.

दोघं वर आली तेव्हा होडीवर थांबलेली त्याची बायको केसर जाळं ओढून घेत होती.

"फाटलं का कुठं?"

"न्हाय." शिवदास ओल्या अंगानेच काठावर टेकला. "चाळीस वर्सं खाली जातोय, केसर. पान्यात मासली मला पाठमोरीच दिसली, पलताना."

"मंग?"

"आज तिनं वलून माझ्याकडं बघितलं."