सुभेदाराच्या वाटणीची गोगलगाय

सुभेदाराने शंखासकट गोगलगाय कडाडकन फोडली, तशा सुलभाताई खूश झाल्या. सुभेदार म्हणजे त्यांच्या काचेच्या टाकीतला केंड मासा. रागावला की टम्म फुगणारा. त्याचे दात सतत वाढत, म्हणून त्याला रोज काहीतरी कडक फोडायला द्यावं लागे.

त्याच्याच जातीच्या माशांपासून काढलेल्या औषधाने कॉलनीतल्या तमाम म्हाताऱ्यांना नवे दात आले होते. तेही वाढायचे थांबत नव्हते.

"आता तुम्ही," म्हणत सुलभाताईंनी नवऱ्यापुढे, मुकुंदरावांपुढे, बेसनलाडू ठेवला.

या लाडवांची सासरी जन्मभर चेष्टा झाली होती. नणंदेने तर एका लाडवाने भिंतीत खिळा ठोकून दाखवला होता. आता दंतवैद्य तेच लाडू लिहून देत आणि सकाळी दारात डबे घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागे.

मुकुंदरावांनी चावा घेतला. आवाजच झाला नाही. लाडू जिभेवर विरघळला.

"अहो, मऊ झाला का?" सुलभाताईंचा चेहरा उतरला. "उद्या लोकांना काय तोंड दाखवू?"

त्या पाणी आणायला वळल्या. जन्मात अंडंही न खाल्लेल्या मुकुंदरावांनी सुभेदाराच्या वाटीतली गोगलगाय उचलली, डोळे मिटले आणि दाढेखाली धरली. कडाडकन आवाज झाला.

"नेहमीसारखाच आहे की," ते कसंबसं गिळत म्हणाले. "पण उद्यासाठी ताजे कर. हे सगळे मलाच हवेत."

सुलभाताई समाधानाने बेसन काढायला गेल्या. टाकीत सुभेदार मात्र टम्म फुगून मुकुंदरावांकडे बघत होता.