खरा कावळा

नवऱ्याच्या, तुषारच्या दहाव्याचे पिंड मानसीताईंनी एकट्यानेच मांडले. दुसरं कोणी नव्हतंच. शहरातले कावळे कधीच संपले होते, म्हणून घाटावर यंत्राचा कावळा असे. बटण दाबलं की तो उडत येई, लगेच पिंडाला शिवे आणि माणसं सुटल्यासारखी घरी जात.

गुरुजींनी बटणाकडे हात नेला, तोच वरून एक खराखुरा, विस्कटलेल्या पिसांचा कावळा उतरला आणि पिंडांपाशी बसला. तरुण गुरुजी बघतच राहिले. त्यांनी खरा कावळा फक्त चित्रात पाहिला होता.

कावळा मात्र पिंडांकडे ढुंकूनही बघेना. मान तिरकी करून तो मानसीताईंकडेच बघत होता.

"काकू, काकांचा जीव कशात तरी अडकलाय," गुरुजी हळूच म्हणाले. "पूर्वी म्हणे असं झालं की घरचे शब्द द्यायचे. तसं काही आहे का? नाहीतर मी आपला यंत्राचा सोडतो."

"नको, थांबा."

काय अडकलंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटपर्यंत तुषारचा एकच धोशा होता, माझ्यामागे एकटी राहू नकोस, तुझ्या बहिणीकडे नाशिकला जा. जाते म्हटलं की झालं. कावळा शिवणार, आणि उडून जाणार.

दहा दिवसांत त्यांच्याकडे इतका वेळ कोणी बघितलं नव्हतं.

"मला नाही हो काही आठवत," त्या म्हणाल्या आणि कावळ्यासमोर पायरीवर बसल्या.