थाप

धरमपेठेच्या चौकात ह्यांच्या मोटरसायकलसमोर हवालदार आडवा आला. "तीनदा शिट्टी मारली. गाणे ऐकून राहिला काय गा?" त्याने ह्यांच्या कानातल्या इअरफोनकडे बोट दाखवलं.

हे मान वळवून माझ्याकडे बघत राहिले.

"रोज सांगते, ऐकतच नाहीत हो," मी मागच्या सीटवरून म्हणाले.

तो हसला. "बायकोचं ऐकत जाय गा," म्हणत त्याने सोडलं.

खिशातल्या वॉकमनमध्ये कॅसेट नसते. गाडीवरून ऑफिसचं टपाल पोहोचवणारा माणूस बहिरा झालाय, हे कळलं तर नोकरी जाईल. शौकीन म्हटलेलं चालतं.

मागून ट्रक आला की मी त्यांच्या खांद्यावर थाप मारते.

मी शिकवते ती शाळा आली. मी उतरले. ते पुढे एकटेच गेले.