गच्चीवर ये

“‘गच्चीवर ये’ आज गाणार नाही,” जुन्या रॉक बँडचा गायक जयराजने साउंडचेकलाच जाहीर केलं. “आपला घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली, तरी एकमेकांकडे बघत प्रेमगीत गायचं? लाज वाटते मला.”

“लोक त्याच गाण्यासाठी तिकीट काढतात,” कीबोर्डवरची केतकी वैतागून म्हणाली. “पण नको तर नको. रोज कोण भांडणार तुझ्याशी?”

बँडने ओळीने नवी गाणी वाजवली. नाशिककरांच्या टाळ्या बेताच्याच होत्या. मग मागून एक बाई ओरडली, “अहो, गच्चीवर कधी बोलावताय?” सभागृह हसलं आणि तेच मागू लागलं. जयराजने कपाळाला हात लावला.

केतकीने गिटारवाल्याला खूण करून गाणं सुरू केलं. जयराज चमकला. पट्टी नेहमीपेक्षा चांगलीच खाली होती. नाइलाजाने तो गाऊ लागला. अंतऱ्यातला वरचा सूर वर्षभर घसा फाडूनही लागत नव्हता, तो आज अलगद लागला. लोक उभे राहिले.

टाळ्यांच्या गजरात केतकी त्याच्याकडे झुकली.

“लाज कसली रे? सूर लागत नाही, हे सरळ सांगायचं ना! संसारातही तुझं हेच होतं.”