आधी उघडलेलं एक्सेल

प्रिंटरमधून निघालेली कोरी पावती संध्याने नागसेनपुढे धरली. “पाहा, पुन्हा तेच.”

संत्र्याच्या या पॅकिंग सेंटरवर तो दुरुस्तीला तिसऱ्यांदा आला होता. अकोल्याच्या दालमिलमधल्या नव्या नोकरीत सुटी टाकून, दोन बस बदलून, थेट मोर्शीला. आणि बिघाड दर वेळी एकच.

गाडीच्या काट्यावरची वजनं आपोआप एका एक्सेलमध्ये पडत. नागसेन इथे नोकरीला असताना त्याने एक मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला होता. तो त्या चालू एक्सेलला पकडायचा आणि शेतकऱ्यांच्या पावत्या छापायचा. खोड एकच. त्याआधी दुसरं एखादं एक्सेल उघडलेलं असलं, की पठ्ठ्या त्यालाच धरून बसायचा आणि पावत्या कोऱ्या निघायच्या.

“कोरं एक्सेल आधी उघडू नका, म्हणून फोनवर सांगतलं होतं मी,” नागसेन म्हणाला.

“इसरली,” संध्या म्हणाली.

कसली विसरते! महिना दीड महिना ती सगळं नीट उघडायची. मग एखाद्या सकाळी अगदीच करमेनासं झालं, की आधी कोरं एक्सेल उघडायची आणि मालकांना सांगायची, मॅक्रो बिघडला, नागसेनला बोलवा. आज तर डब्यात भाकरीही दोघांपुरत्या होत्या.

तेवढ्यात मालक खुशालराव दारात आले. “नागसेन, गाड्यायची रांग लागली बाप्पा बाहेर. आज कायमचा बंदोबस्त करून टाक. दर खेपेले तुले अकोल्याहून बलवाव, हे काही बरं नाही.”

“हो, काका.”

खुशालराव काट्याकडे गेले. संध्याने कोरी पावती चुरगाळून टाकली. काम नसताना हा माणूस मोर्शीला कशाला येईल? आणि उगाच ‘या’ म्हणायला तिचं तोंड उघडलं असतं, तर एवढा उपद्व्याप तिने केलाच कशाला असता?

नागसेनने मॅक्रो उघडला, एक ओळ खोडली, एक लिहिली.

“आता कितीबी एक्सेल उघडा. काट्याची फाइल जिथं उघडी असंन, तिथंच जाऊन धरते तो. नावानं शोधते.”

संध्याने एक कोरं एक्सेल उघडलं. मग आणखी एक. मॅक्रो चालवला. पावती भरून आली: शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन. तिने तिसरं उघडलं, पुन्हा चालवला. पुन्हा भरून आली. ती चौथं उघडायला लागली.

“पुरे आता. कागद वाया चालले,” तो हळूच म्हणाला.

संध्याने माउसवरचा हात काढला. “एकच ओळ होती?”

“हो. एकच.”

“आज समजली तुमाले?”

“नाही. ठाऊक होती पयलेपासून.”

“मंग पयल्या खेपेलेच काहून नाही लिवली?”

नागसेन स्क्रीनकडे पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“झालं काय रे काम?” काट्यावरून खुशालरावांनी आवाज दिला.

दोघांनीही ऐकलं. हो म्हणायला कोणीच तयार नव्हतं.